गिटारच्या पारदर्शक लेपाचे चकाकीकाम

हाताने घडविलेल्या गिटारवरील पारदर्शक लेप पूर्ण वाळल्यानंतर तो घासून सपाट करणे व पुढे क्रमाने अधिकाधिक बारीक अपघर्षके वापरून त्याला आरशासारखी चमक आणणे, या प्रक्रियेस चकाकीकाम म्हणतात. कारागिरांमध्ये यासाठी 'बफिंग' किंवा नुसते 'पॉलिश' हे शब्द रूढ आहेत. मराठीत मात्र लावावयाच्या द्रव्यालाही पॉलिश म्हणतात आणि घासण्याच्या क्रियेलाही. हा गोंधळ टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात द्रव्याला 'लेप' म्हटले आहे. वाद्यनिर्मितीतील हा अखेरच्या टप्प्यांपैकी एक होय. अनेक महिन्यांच्या सुतारकामानंतर तो येतो आणि त्यातील एका चुकीने वाद्याचे रूप बिघडू शकते.

== लेपाचे प्रकार ==
एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये घडविल्या जाणाऱ्या गिटारांवर लाखेचे फ्रेंच पॉलिश असे. आधुनिक अभिजात गिटारचा जनक मानला जाणारा आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याच्या परंपरेतील अनेक कारागीर आजही तेच वापरतात. इ.स. १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगकामासाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर प्रचारात आले आणि मार्टिन, गिब्सन इत्यादी अमेरिकन निर्मात्यांनी ते स्वीकारले. पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर हे अधिक टणक लेप १९६० च्या दशकापासून वाढत गेले.

चकाकीकामाच्या दृष्टीने या लेपांतील एक फरक फार महत्त्वाचा आहे. लॅकरचा नवा थर खालच्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो. त्यामुळे कितीही हात दिले तरी अखेरीस एकच पापुद्रा तयार होतो. पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर रासायनिक क्रियेने घट्ट होतात आणि एकदा घट्ट झाल्यावर त्यांचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. असा लेप घासताना वरचा थर कापला जाऊन खालचा उघडा पडला, तर त्या सीमेवर नकाशातील समोच्च रेषेसारखी रेघ दिसते व ती कितीही घासली तरी जात नाही. म्हणून या लेपांचा शेवटचा हात पुरेसा जाड ठेवतात.

== चमक कशामुळे येते ==
फवाऱ्याने दिलेला लेप वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खवल्यांचा दिसतो. त्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून प्रतिबिंब पुसट उमटते. ८०० क्रमांकाच्या वॉटर पेपरचे कण सुमारे २२ मायक्रॉनचे, तर २००० क्रमांकाचे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याहून पुष्कळच कमी, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. त्यामुळे २००० क्रमांकाच्या कागदानंतरही पृष्ठभाग धुरकटच राहतो आणि पुढचे काम पेस्ट किंवा वडीच्या रूपातील कंपाउंडवर सोपवावे लागते. चमक वरून लावली जात नाही, ओरखडे पुरेसे सूक्ष्म झाले की ती आपोआप दिसू लागते.

== वाळण्याचा काळ ==
लॅकर हाताला काही तासांत कोरडे लागते. परंतु त्यातील द्रावक पुढे कित्येक दिवस बाहेर पडत राहतो व लेप आकसत जातो. महोगनी आणि शिसवी या लाकडांची रंध्रे मोठी असतात. ती आधी नीट भरली नसतील, तर आकसणारा लेप त्यांत खचतो. घाईने बफ केलेली गिटार त्या दिवशी निर्दोष दिसते आणि महिन्याभराने तिच्या पाठीवर रंध्रांच्या बारीक खाचा उमटतात. म्हणून अखेरचा हात दिल्यावर निदान दोन ते चार आठवडे थांबण्याचा प्रघात आहे. उतावळेपणाने बिघडलेली वाद्ये दुरुस्तीला येण्याचे प्रमाण थोडे नाही.

दमट हवेत आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते आणि लेप पांढुरका पडतो. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात फर्निचरचे पॉलिश 'पांढरे पडते' ते याच कारणाने. हा दोष लेपाच्या आत असल्यामुळे तो बफिंगने जात नाही.

== सपाटीकरण ==
संपूर्ण प्रक्रियेतील जोखमीचा भाग हाच. कागद बुचाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून घासतात. नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या दाबाखाली खळगे पडतात. सखल जागा चकाकत राहतात आणि घासलेला भाग मंद दिसतो; शेवटचा चकाकणारा ठिपका नाहीसा होताच थांबावयाचे असते. मग १०००, १२००, १५००, २००० असे कागद बदलत जातात. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलली, की आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते लगेच ओळखता येते. कागद बदलताना पृष्ठभाग पुसून स्वच्छ करणे अत्यावश्यक असते, कारण मागे राहिलेला एक जाड कण तासाभराचे काम वाया घालवू शकतो.

चांगल्या गिटारवरील लॅकरची अंतिम जाडी सुमारे ०.१ ते ०.१५ मि.मी., म्हणजे वहीच्या एक-दोन पानांइतकी असते. लेप जाड ठेवला तर घासणे निर्धास्त होते, पण २.५ ते ३ मि.मी. जाडीच्या तबलीवर अनावश्यक भार पडून तिचे कंपन दबते. पातळ लेपात आवाज मोकळा राहतो, पण चुकीला जागा उरत नाही. कारागिराचे कौशल्य या कात्रीत पारखले जाते. कडांवर लेप मुळातच पातळ असतो, तेथे लाकूड सर्वांत आधी उघडे पडते. म्हणून कडा शेवटी आणि ठोकळ्याविना, मोजक्या हातांनी घासतात. खुंट्यांच्या भोकांत पाणी शिरल्यास लाकूड फुगून भोवतालचा लेप तडकतो. त्यामुळे काही कारागीर तेथे कोरडेच घासतात.

== बफिंग ==
हे काम मऊ कापडाने हातांनी, फोमच्या चकतीने किंवा मोटारीवर फिरणाऱ्या सुती चाकांवर करतात. कंपाउंड आधी मध्यम, मग बारीक. चाक एका जागी रेंगाळले तर घर्षणाच्या उष्णतेने लॅकर मऊ होऊन ओघळते. चाकाची गती नेहमी वाद्याच्या कडेवरून बाहेरच्या दिशेने जाईल अशी ठेवतात. कड चाकाच्या समोर आली, तर चाक गिटार हातातून हिसकावून फेकून देते.

घोडी उघड्या लाकडावरच चिकटवावी लागते, म्हणून तिच्या जागेवरील लेप काढून टाकतात. घोडीभोवती चाक नीट पोहोचत नसल्याने बहुतेक कारागीर आधी बफिंग करून मगच ती बसवितात. दांडीच्या मागील बाजूस मात्र पुष्कळ वादकांना चकाकी नको असते, कारण घामेजलेला तळहात तेथे अडतो; त्यामुळे ती बाजू मुद्दाम मंद ठेवली जाते.

== सुरक्षितता ==
नायट्रोसेल्युलोजची कोरडी धूळ अतिज्वलनशील असते. घासकामाची जागा ठिणगी व ज्योतीपासून दूर असावी, धूळ साठू देऊ नये आणि श्वसनमुखवटा वापरावा.

== भारताशी संबंध ==
फ्रेंच पॉलिशसाठी लागणारी लाख कुसुम, पळस, बोर या झाडांवरील कीटकांपासून मिळते. भारतात तिच्या उत्पादनात झारखंड आघाडीवर आहे. मिरजेच्या सतार व तानपुरा निर्मात्यांकडेही स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश कापसाच्या बोळ्याने हात देत चढविण्याची पद्धत आहे. या पद्धतीत लेप चढविणे व चकाकी आणणे ही दोन्ही कामे बोळ्यानेच होतात, वेगळे बफिंग सहसा लागत नाही.

== निगा ==
सिलिकॉनयुक्त पॉलिश गिटारवर वापरू नये. सिलिकॉन भेगांतून आत शिरते आणि पुढे कधी नवा लेप द्यावयाचा झाल्यास तो जागोजागी फाटून गोल खळगे पडतात. लॅकरवर पडलेले ओरखडे बारीक कंपाउंडने निघतात; मात्र प्रत्येक वेळी लेप थोडा झिजतो. जुन्या मूल्यवान गिटारांचा पिवळसर, बारीक तडे गेलेला मूळ लेप घासून नवा केल्यास त्यांची बाजारातील किंमत बरीच घटते.