धावत्या कुत्र्याची धाप

पहाटे पळायला जाताना पाळीव कुत्र्याला बरोबर नेणारी मंडळी आता लहान गावांतही दिसतात. थोड्याच वेळात माणूस घामाने निथळतो आणि कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकू लागतो. ‘कुत्र्याला जिभेतून घाम येतो’ असे आपण सहज म्हणतो. हे विधान बरोबर नाही. मग कुत्रा शरीर थंड कसे ठेवतो? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

१७७४ साली लंडनमध्ये जॉर्ज फोर्डाइस, चार्ल्स ब्लॅगडेन आणि त्यांच्या मित्रांनी खास तापवलेल्या खोल्यांत स्वतःवर प्रयोग केले. खोलीतील हवा पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही गरम असताना ते काही मिनिटे आत राहू शकले. एका कुत्रीलाही त्यांनी आत ठेवले. तापलेल्या जमिनीने पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत बसवले होते. ती धापा टाकत राहिली, टोपली लाळेने ओली झाली. पण ती सुखरूप बाहेर आली. त्याच खोलीत ठेवलेले उघडे पाणी उकळले नाही. मात्र त्यावर तेलाचा पातळ थर देताच ते उकळले. बाष्पीभवन थांबले की थंडावाही थांबतो, हे त्यातून दिसले.

खोलीतली उष्णता बाहेरून येते. धावणाऱ्याची उष्णता आतून येते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग उष्णतेत जातो. ही उष्णता घालवण्याच्या माणसाच्या व कुत्र्याच्या पद्धतींची तुलना हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड ब्रूस डिल व सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. माणसाची सारी त्वचा घाम गाळते. कुत्र्याची मदार मुख्यतः श्वासमार्गातील बाष्पीभवनावर असते.

इथे एक कोडे उभे राहते. धापा टाकणे हेही स्नायूंचेच काम. मग त्यातून आणखी उष्णता निर्माण होणार नाही का? १९६२ मध्ये क्रॉफर्ड यांनी दाखवले की कुत्रा आपल्या श्वसनसंस्थेच्या नैसर्गिक कंपनसंख्येलाच, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच वेळा, धापा टाकतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का पुरतो, तसेच हे आहे. अनुनादामुळे श्रम वाचतात.

१९७० मध्ये क्नूट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी हवेचा मार्ग तपासला. धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि बरीचशी तोंडावाटे सोडतो. ती नाकातूनच परतली असती, तर तिथल्या थंड पृष्ठभागावर वाफेचे पुन्हा पाणी झाले असते आणि उष्णता शरीरातच राहिली असती. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, हे लक्षात घेतले की या मार्गाचे महत्त्व कळते. बाष्पीभवनाची मोठी जागा जीभ नसून नाक आहे! त्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा नाकातील एका ग्रंथीतून येतो, हे १९७२ मध्ये समजले. ती ग्रंथी मात्र सतराव्या शतकातच स्टेनो यांनी वर्णिली होती.

या इतिहासाचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, तेव्हा कुत्र्याचे हे साधन दुबळे पडते. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांजवळ मुळातच ते तोकडे असते. शिवाय कुत्रा मालकामागे धावतच राहतो, ‘पुरे’ म्हणत नाही. म्हणून धाप फार वाढली, पाऊल अडखळले, लाळ घट्ट झाली की आपणच थांबावे. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि लगेच पशुवैद्य गाठावा. दुपारचा डांबरी रस्ता त्याच्या पंज्यांना भाजतो. तिथे टोपलीची सोय नसते.

वर्गात दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून दोघांनाही वारा घालावा आणि तापमानांतील फरक लिहून ठेवावा. हाच प्रयोग उन्हाळ्यात व पावसाळ्यात केला, तर कुत्र्याला बरोबर घेऊन कधी पळावे आणि कधी पळू नये, हे विद्यार्थी आकड्यांवरूनच सांगू लागतील.