जत्रेचे तिकीट आणि वर्षाचा पास

कोराडीला माणसे दोन कारणांनी येत आली आहेत. काही वर्षातून एकदोनदा येतात, आश्विनातल्या नाहीतर चैत्रातल्या नवरात्रात, महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला. देवीचे रूप सकाळी कन्येचे, दुपारी तरुणीचे आणि संध्याकाळी प्रौढेचे दिसते अशी त्यांची श्रद्धा असते. बाकीची माणसे रोज येतात-जातात, पोटासाठी. बंगाल नागपूर रेल्वेच्या नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजवर कोराडी हे एक लहानसे स्टेशन होते. १९७४ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि या खेड्याला पाळीप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांची वर्दळ मिळाली. वर्षातून एकदा येणारा आणि रोज येणारा, या दोघांचे पैशाचे हिशेब वेगळे असतात. पहिला खेपेचे पैसे देतो, दुसरा मुदतीचे. माझे म्हणणे असे की, महाराष्ट्रात प्रवासाने हा दुसरा हिशेब फार लवकर आत्मसात केला. करमणूक मात्र बारमाही झाल्यावरही जत्रेच्याच हिशेबाने चालत राहिली. दिवसाचे तिकीट फरक भरून वर्षाच्या पासात बदलून घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही, याचे मूळ या इतिहासात सापडते.

जत्रेचा हिशेब आधी पाहू, कारण तो त्या काळाला अगदी योग्य होता. जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते आकाशपाळण्याला, मौत के कुएँला, तंबूतल्या सिनेमाला, आणि तेही दर खेपेला वेगळे. पाळणेवाला आठ-दहा दिवसांनी सामान गुंडाळून पुढच्या गावाच्या यात्रेला जाणार असतो. त्याची आणि गावकऱ्याची पुन्हा गाठ पडेलच याची खात्री दोघांनाही नसते. अशा व्यवहारात रोख आणि खेपेगणिक पैसे घेणे हाच दोघांच्या सोयीचा मार्ग असतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये उभी केलेली सर्कस असो की पुढच्या काळातले टुरिंग टॉकीज, आपली लोकप्रिय करमणूक बहुतांशी फिरती राहिली. ती गावाकडे यायची आणि निघून जायची. उद्या जो इथे नसणार त्याच्याकडून वर्षाचा पास कोण घेईल?

रेल्वेची गोष्ट वेगळी होती. रूळ जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या आसपास राहणारी माणसेही सहसा हलत नाहीत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढल्या काही दशकांत मुंबईची उपनगरे कामावर जाणाऱ्यांनी भरू लागली, तसा मुदतीचा पास अपरिहार्य झाला. त्याचे गणित पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस महिन्यात ५० फेऱ्या करतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी पैशात त्याचा महिना निघतो. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. म्हणजे तीन महिने किंवा त्याहून लांब मुदतीला मासिकापेक्षा आणखी दहा टक्के सूट, आणि हे सगळे १५० किलोमीटरच्या आत. नागपूर–वर्धा किंवा नागपूर–गोंदिया असे अप-डाऊन करणाऱ्या विदर्भातल्या शिक्षकांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या, रेल्वे कामगारांच्या किमान दोन पिढ्या या पासावर पोसल्या गेल्या आहेत.

एस.टी.नेही हेच केले. तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर निघाली. तिच्या मासिक पासाला २० दिवसांचे भाडे घेऊन ३० दिवस प्रवास मिळतो आणि त्रैमासिकाला ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस. माणूस रविवारी येणार नाही, सणाला येणार नाही, दुखण्याने पडला तर येणार नाही, हे महामंडळाने आधीच धरून ठेवले आहे. विद्यार्थ्याकडून भाड्याचा फक्त तिसरा हिस्सा घेतला जातो. अहिल्याबाई होळकर योजनेखाली खेड्यातल्या मुलीला शाळेचा पास मोफत मिळतो, आणि महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या पासाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९८८ मध्ये एस.टी.ने ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना आणली. ठरावीक दिवसांचा पास काढा आणि राज्यभर हवे तिथे फिरा. सार्वजनिक सेवेने भटकंतीला, म्हणजे निव्वळ हौसेला, मुदतीचा पास दिला तो असा. पण तोही सुट्टीतल्या काही दिवसांपुरता, वर्षाचा नव्हे.

रस्त्यांची कथा अगदी ताजी आहे आणि तिचा धागा नागपूरशी जुळतो. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत टोल नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला नाममात्र मासिक पास दिलेला आहे. २००७-०८ चा पायाभूत दर १५० रुपये होता आणि तो दरवर्षी वाढत गेला. जो जवळ राहतो तो वारंवार येणार, आणि वारंवार येणाऱ्याला परक्याच्या दराने मोजू नये, ही गोष्ट इथे चक्क कायद्याच्या भाषेत मान्य झाली. त्यानंतर नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी फास्टॅगचा वार्षिक पास जाहीर केला. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतले जे आधी संपेल ते. म्हणजे एका नाक्याला सरासरी १५ रुपये. गाडीच्या काचेवरचा जुनाच टॅग त्यासाठी चालतो, नवा घ्यावा लागत नाही. साध्या तिकिटावरून वार्षिक पासावर जाण्याची पायरी आपल्याकडे इतकी सोपी झाली, ती प्रवासाच्या क्षेत्रात.

करमणुकीत असे का झाले नाही, हे कळायला इंग्लंडकडे पाहावे लागते, कारण तिथे क्रम उलटा आहे. लंडनचे व्हॉक्सहॉल उद्यान जोनाथन टायर्स याने १७३२ मध्ये नव्याने सुरू केले. तिथे हंगामभर चालणारी चांदीची तिकिटे होती, आणि चित्रकार विल्यम होगार्थ याला टायर्सने कायमच्या प्रवेशाचे सोन्याचे तिकीट दिले होते. हा रेल्वेच्या जन्माआधीचा काळ. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही हंगामाचा पास होता, पुरुषाला तीन गिनी आणि स्त्रीला दोन. तिथे मुदतीचा पास करमणुकीत आधी आला, कारण उद्यान शहराजवळच होते, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी उघडे असायचे आणि येणारे लोक तेच ते असायचे. अमेरिकेतल्या डिस्नेलँडचा प्रवास तर जत्रेपासूनच सुरू होतो. १९५५ मध्ये ते उघडले तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे होते. मग खेळांच्या दर्जाप्रमाणे तिकिटांची पुस्तके निघाली. १९८२ मध्ये ती मोडीत काढून एका तिकिटात सगळे खेळ खुले झाले, आणि त्याच दशकात वार्षिक पासाने तिथे मूळ धरले. आपल्याकडची मोठी उद्याने, १९८९ चे गोराईचे एसेलवर्ल्ड आणि २०१३ चे खोपोलीजवळचे इमॅजिका, मधल्या पायरीवरच जन्मली. एकदा आत गेले की सगळे पाळणे आपले. परंतु विदर्भातल्या कुटुंबाला ती इतकी लांब की त्यांची सहल ही वर्षाची नव्हे, आयुष्यातली एखादी जत्राच ठरत आली.

इथे एक आक्षेप हमखास येईल. मराठी माणसाला सीझन तिकीट काय नवे आहे? १९५३ पासून चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाची सीझन तिकिटे रसिक रांगा लावून काढतात. नागपुरात १९६९ पासून, आधी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर आणि २००८ पासून जामठ्याला, कसोटी सामने होत आले, आणि पाच दिवसांचे एक तिकीट हे क्रिकेटवेड्यांच्या अंगवळणी पडले आहे. आक्षेप रास्त आहे. पण ही दोन्ही तिकिटे एकाच प्रसंगाची आहेत. प्रसंग तीन दिवसांचा असो की पाच, तो संपला की तिकीट संपले. माझ्या म्हणण्याला खरे आव्हान देते ते वाचनालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अनामत ठेवायची, वर्गणी भरायची आणि वर्षभर हवी तितकी पुस्तके न्यायची, ही रीत मराठी मध्यमवर्गात दीडशे वर्षांहून जुनी आहे. वाचन ही करमणूकही आहेच. मला तर या उदाहरणातून उलट पुरावाच मिळतो. आगाऊ पैसे भरण्याला आपल्या लोकांनी कधी नकार दिलेला नाही. जागा जवळ असली, रोज उघडी असली आणि ती आपली आहे असे वाटले, तर ते आनंदाने वर्षाचे पैसे मोजतात.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे तिकीट पासात वळवण्याकडे. फरक भरणे ही कल्पना आपल्याला रेल्वेने शिकवली. खालच्या वर्गाचे तिकीट असेल आणि वरच्या वर्गात जागा हवी असेल तर टी.सी. फरकाची पावती फाडतो. पण हा फरक बाकाचा आहे, काळाचा नाही. एकेरी तिकीट काढून प्रवास केलेल्या माणसाने ते पैसे धरून मासिक पास द्या म्हटले तर खिडकीवरून नकारच येईल. डिस्नेसारख्या उद्यानांनी नेमके हेच शक्य केले. तिकिटाची मुदत संपण्याआधी मधला फरक भरा आणि वर्षाचा पास घ्या. यामागचे अर्थशास्त्र कोराडीच्या वाचकाला वीजबिलावरून सहज उमगेल. बिलात स्थिर आकार वेगळा आणि युनिटप्रमाणे येणारा वीज आकार वेगळा, कारण केंद्र उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि कोळसा मात्र प्रत्येक युनिटाला जळतो. करमणुकीच्या उद्यानात जवळजवळ सगळाच खर्च स्थिर असतो. पाळणा अर्धा भरलेला असो की पूर्ण, तो फिरतोच. जास्तीच्या एका माणसाने खर्च फारसा वाढत नाही, आणि तो माणूस आत पाणी, खाणे, खेळणी घेतोच. संध्याकाळी समाधानाने बाहेर पडणारे गिऱ्हाईक पास घ्यायला सर्वांत तयार असते. त्याने सकाळी भरलेले पैसे वाया गेले नाहीत असे त्या घडीला सांगणे यात उद्यानाचेही हित आहे.

ही कंपन्यांची युक्ती आहे, पास घेऊन लोक येतच नाहीत, असे काही जण म्हणतील. काहींच्या बाबतीत हे खरे असते. पण एस.टी.चा विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी पास वापरत नाही म्हणून तो पास लबाडीचा ठरत नाही. दर स्पष्ट असावा आणि किती खेपांत पैसे वसूल होतात ते खिडकीवर लिहिलेले असावे, म्हणजे निर्णय गिऱ्हाइकाच्या हाती राहतो. गर्दीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. डिस्नेलँडने जानेवारी २०२१ मध्ये आपली जुनी वार्षिक पासांची योजनाच बंद केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी आणली तेव्हा दिवस आधी राखून ठेवण्याची अट घातली. म्हणजे गर्दीवर उपाय आहे, ठरावीक दिवस पासातून वगळता येतात. कोराडीला ते दिवस शोधण्यासाठी अभ्यास करावा लागणार नाही, पंचांगात ते छापलेलेच आहेत. तिसरा आक्षेप गरिबीचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. वर्षाचे पैसे एकदम भरणारा सुखवस्तूच असतो. लंडनच्या प्रदर्शनात गिनींचे पास श्रीमंतांनी घेतले, आणि सामान्यांसाठी पुढे एका शिलिंगचे दिवस वेगळे काढावे लागले. तिकीट पासात वळवण्याची सोय इथेच उपयोगी पडते. सकाळी तिकिटाचे जेवढे जमतात तेवढे भरावे, उरलेले नंतर. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याच्यासाठी दिवसाचे तिकीट हा पहिला हप्ता होतो.

नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये थांबली आणि तो मार्ग ब्रॉडगेज झाला. आता नागपूरची ‘आपली बस’ कोराडीला येते. देवीच्या दर्शनाला तिकीट नाही आणि कधी असूही नये. पण परिसरात तिकीट काढून पाहण्याची ठिकाणे वाढली आहेत. ५ जुलै २०२३ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते भारतीय विद्या भवनच्या रामायण सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाले. तिथे एका मजल्यावर रामकथा आहे आणि दुसऱ्यावर १८५७ ते १९४७ चा स्वातंत्र्यलढा. शहराच्या याच बाजूला गोरेवाड्याचे प्राणी उद्यान आहे, ज्याची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ पासून खुली झाली. ही ठिकाणे फिरत्या पाळण्यासारखी पुढच्या गावी जाणार नाहीत. वीज वसाहतीतली, खापरखेड्याची, कामठीची मुले त्यांच्या शेजारी वाढणार आहेत. स्वातंत्र्यलढ्याच्या चित्रांपुढे सातवीत उभे राहणे वेगळे आणि दहावीत उभे राहणे वेगळे, बिबट्या उन्हाळ्यात पाहणे वेगळे आणि पावसाळ्यात पाहणे वेगळे. म्हणून अशा संस्थांच्या चालकांना एवढीच विनंती आहे: जिथे ही सोय नाही तिथे २० किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांसाठी वर्षाचा पास काढा, विद्यार्थ्यांना त्यात एस.टी.इतकी सवलत द्या, आणि त्या दिवशी भरलेले तिकिटाचे पैसे त्यातून वळते करा.