सुरतच्या कॉलेज कर्मचाऱ्यांसाठी ‘सीसीसी’ : एमएस-सीआयटी असलं तरी आधी विचारा

नंदुरबार, जळगाव, धुळ्याकडून येऊन सुरतमध्ये नोकरी करणाऱ्या अनेकांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं. महाराष्ट्रात ते चालतं. गुजरातच्या सरकारी सेवेत मात्र ‘सीसीसी’ विचारत आले आहेत.

नियम काय? गुजरात सरकारच्या २००६ च्या नियमांनुसार वर्ग ३ साठी सीसीसी आणि वर्ग १ व २ साठी सीसीसी प्लस ही पातळी ठरवली होती. बढती आणि उच्च वेतनश्रेणी त्यावर अडत असे. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव असला तरी हा कागद लागत असे.

नावात गोंधळ : केंद्राच्या ‘नाइलिट’ संस्थेचाही ८० तासांचा सीसीसी अभ्यासक्रम आहे. नाव एकच, पण परीक्षा वेगळी. कोणतं प्रमाणपत्र चालेल, हे फी भरण्याआधी आस्थापना शाखेला लेखी विचारा. अनुदानित किंवा खासगी कॉलेजवाल्यांनी तर नक्कीच.

तयारी कशी? नुसती प्रश्नसंच पाठ करून भागत नाही. पत्र टाइप करणं, एक्सेलमध्ये बेरीज-सरासरी काढणं, स्लाइड बनवणं, ई-मेलला फाइल जोडणं हे हाताला बसलं पाहिजे. गुजराती टायपिंगही शिका. तिथला कार्यालयीन व्यवहार गुजरातीत चालतो.

कॉलेजने काय करावं? सुटीनंतर तासभर लॅब उघडी ठेवली आणि कॉम्प्युटरच्या शिक्षकाने सोबत बसून दाखवलं, तरी माउस धरायला बिचकणारे हेडक्लार्कभाऊही सरावतात. सरावाला हॉलतिकीट, हजेरीपत्रक, फीचा हिशोब असं रोजचंच काम घ्यावं.