पारध्यांची शिकार-परंपरा
वन्य पशुपक्षी पकडण्याचा महाराष्ट्रातील पारधी जमातीचा वंशपरंपरागत व्यवसाय. ‘पारध’ म्हणजे शिकार. फासेपारधी फासे मांडून तित्तिर, लावे व हरणे धरीत. चित्तेपारधी चित्ते माणसाळवून संस्थानिकांच्या शिकारीसाठी पुरवीत. कोल्हापूर संस्थानात ही प्रथा विसाव्या शतकातही होती. शिकार विकून पारध्यांना धान्य मिळे व हरणांपासून पिकांचेही रक्षण होई. गुन्हेगार जमाती कायद्याने (१८७१, १९११ मध्ये देशभर विस्तार) मात्र अशा भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. पुढे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. वन्य जीवांना संरक्षण लाभले. पारध्यांना मात्र जमीन वा पर्यायी धंदा क्वचितच मिळाला आणि जुना संशयही टिकून राहिला.