दुसऱ्या खेळाडूचा शोध : बुद्धिबळाच्या उपप्रकारांचा इतिहास

बुद्धिबळाच्या रूढ नियमांत जाणीवपूर्वक फेरफार करून, म्हणजे पटाचा आकार, मोहऱ्यांची संख्या वा चाल किंवा डाव जिंकण्याची अट बदलून जो खेळ तयार होतो, त्याला बुद्धिबळाचा उपप्रकार म्हणतात. असे उपप्रकार शेकडोंनी निर्माण झाले आहेत. डेव्हिड प्रिचर्ड यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपप्रकारांच्या कोशातच चौदाशेहून अधिक खेळांची नोंद आहे. त्यांतील फार थोडे खेळ त्यांच्या जनकाच्या हयातीनंतर टिकले. हे खेळ कल्पनेत कमी पडले म्हणून मागे पडले, असे त्यांचा इतिहास पाहता म्हणता येत नाही. नवे नियम शिकून समोर बसायला तयार असलेला दुसरा माणूस मिळाला नाही आणि ते नियम त्या माणसाच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, ही त्यांच्या अस्ताची खरी कारणे होत. म्हणूनच एखादा लहान, स्वतंत्र निर्माता आज आपल्या उपप्रकाराच्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती काढून तीत अनुवाद आणि ऑनलाइन खेळण्याची सोय घालतो, तेव्हा तो या खेळांच्या फार जुन्या दुखण्यावर उपाय करत असतो.

ज्याला आज मूळ बुद्धिबळ समजले जाते, तोही एका काळचा उपप्रकारच होय. भारतातील चतुरंग इराणात चतरंग झाला आणि अरबांकडे शतरंज. त्या शतरंजात वजीर तिरके एकच घर चालत असे आणि आजच्या उंटाच्या जागी असलेला मोहरा तिरक्या दिशेने दुसऱ्या घरात उडी मारत असे. वजीर आणि उंट यांना लांब पल्ल्याच्या चाली देणारा बदल पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या परिसरात रूढ झाला आणि काही दशकांतच तो युरोपभर पसरला. या वेगामागे नव्या चालींची चुरस होती, तशीच त्याच काळात फैलावणारी छपाईची कलाही होती. लुसेना याचे 1497 मधील सालामांका येथे छापलेले पुस्तक जुने आणि नवे असे दोन्ही खेळ शेजारी शेजारी मांडते. नियम छापले गेले, छापलेले नियम दूरच्या गावी वाचले गेले, आणि परक्या गावच्या माणसाशीही डाव मांडता येऊ लागला.

हे भाग्य इतरांना लाभले नाही. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने 1283 मध्ये सिद्ध करवून घेतलेल्या खेळांच्या ग्रंथात बारा बाय बारा घरांच्या पटावरील एका भव्य बुद्धिबळाचे वर्णन आहे, पण तो खेळ ग्रंथातच राहिला. याउलट बारा बाय आठ घरांचे ‘कुरियर’ बुद्धिबळ जर्मनीत शतकानुशतके टिकले, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी श्ट्रोबेक या एका खेड्याकडे जाते. त्या खेड्यात बुद्धिबळ ही गावाची परंपरा असल्यामुळे या दुर्मीळ खेळालाही शेजारच्या घरात प्रतिस्पर्धी मिळत असे. सिसिलीच्या पिएत्रो कारेराने 1617 मध्ये, इंग्लंडच्या हेन्री बर्डने 1874 मध्ये आणि विश्वविजेत्या कापाब्लांकाने 1920 च्या दशकात जवळजवळ एकच कल्पना तीनदा मांडली. दहा बाय आठ घरांचा पट घ्यावा आणि त्यावर दोन नवे मोहरे आणावेत, एकात घोडा व हत्ती यांच्या चाली एकत्र व्हाव्यात आणि दुसऱ्यात घोडा व उंट यांच्या, असे तिघांनीही सुचवले. एकाच कल्पनेचा तीन शतकांत तीनदा जन्म व्हावा, यावरून तिच्यात तथ्य होते हे उघड आहे. पण कापाब्लांकासारख्या खेळाडूचे नाव पाठीशी असूनही तो पट घरोघर गेला नाही, कारण नवे मोहरे घडवणे, नवे नियम छापणे आणि ते शिकलेला जोडीदार शोधणे ही तिन्ही कामे प्रत्येक खेळाडूला स्वतःच करावी लागत होती.

भारतात हीच प्रक्रिया उलट दिशेने घडली: इथे जुना देशी खेळच बाहेरून आलेल्या नियमांपुढे उपप्रकार ठरला. देशी बुद्धिबळात प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नसे, पण शह बसला नसेल तर राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचे, त्याच मोहऱ्याचे रूप घेई. आणि प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की पुष्कळ ठिकाणी डाव बरोबरीत सुटे. प्रांताप्रांतांत यात बारीक फरक असत. या खेळाचा युरोपीय नियमांशी आलेला संबंध 1814 मध्ये मुंबईत छापल्या गेलेल्या एका पुस्तकात स्पष्ट दिसतो. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत रचनेतील डावांच्या स्थिती त्यात युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून इंग्रजीत दिलेल्या आहेत. म्हणजे ग्रंथाचे भाषांतर आणि खेळाच्या नियमांचे रूपांतर ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच पुस्तकात झाली. नियमांचे असे रूपांतर एका खेळाडूच्या आयुष्यात किती अवघड असते, हे पंजाबच्या मीर सुलतान खान यांच्या उदाहरणावरून कळते. ते देशी बुद्धिबळात वाढले, युरोपीय नियम तरुणपणी शिकले आणि तरीही 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाचे मानकरी ठरले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण ज्या नियमांत त्यांची बुद्धी घडली, त्या नियमांचा खेळ दाखवायला त्यांना जगाच्या पाठीवर कुठलेही मोठे व्यासपीठ नव्हते, ही बाबही विसरता येत नाही.

प्रतिस्पर्धी नसेल तर उपप्रकार कसा जगवावा, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कूटरचनाकारांनी एक उत्तर शोधले. इंग्लंडचे टी. आर. डॉसन यांनी ‘परी-बुद्धिबळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेत नवनवे मोहरे कल्पून त्यांवर कूटप्रश्न रचले. त्यांचा ‘नाकतोडा’ हा मोहरा वजिराच्या दिशांनी जातो, पण वाटेत एखादा मोहरा असेल तरच, आणि त्याच्यावरून उडी मारून लगेच पलीकडच्या घरात उतरतो. कूटप्रश्नाला समोर बसणारा माणूस लागत नाही, वाचक पुरतो. चालींच्या लेखनाचा प्रश्नही याच शतकात बराचसा सुटला. घरांना अक्षर आणि अंक देऊन चाल लिहिण्याची पद्धत फिलिप स्टामा याने अठराव्या शतकातच पुढे आणली होती, परंतु मोहऱ्यांची आद्याक्षरे प्रत्येक भाषेत वेगळी असल्यामुळे जर्मन वाचकाला इंग्रजी डाव अडखळतच वाचावा लागे. बेलग्रेडहून 1966 पासून निघू लागलेल्या ‘शाखोव्स्की इन्फॉर्मेटर’ने अक्षरांऐवजी मोहऱ्यांची चित्रे आणि शेऱ्यांऐवजी ठरावीक चिन्हे वापरून ही अडचण दूर केली. मात्र ही युक्ती सर्वांना ठाऊक असलेल्या नियमांपुरतीच उपयोगी होती. नवा मोहरा कसा चालतो हे सांगायला वाक्येच लागतात, आणि वाक्ये कुठल्या तरी एका भाषेतच लिहावी लागतात.

संगणकाचा या इतिहासातील प्रवेशच एका उपप्रकाराने झाला. अमेरिकेतील लॉस अलामोस येथे 1956 मध्ये ‘मॅनिअ‍ॅक’ या यंत्रावर जो बुद्धिबळाचा कार्यक्रम चालवला गेला, त्यात यंत्राची गती व स्मृती तोकडी असल्यामुळे सहा बाय सहा घरांचाच पट घेतला होता आणि उंट वगळले होते. नियम आठवड्यापूर्वीच शिकलेल्या एका नवख्या खेळाडूला या यंत्राने हरवले. यंत्राने माणसाला बुद्धिबळसदृश खेळात हरवण्याची ही पहिली घटना मानली जाते. पुढे यंत्रांची शक्ती वाढली आणि दुसऱ्या खेळाडूची खुर्ची यंत्रानेच भरून काढली. 1998 मध्ये आलेल्या ‘झिलियन्स ऑफ गेम्स’ या कार्यक्रमाने याच्याही पुढे मजल मारली: खेळाचे नियम एका ठरावीक सांकेतिक भाषेत साध्या फाइलमध्ये लिहून दिले, की तो कार्यक्रम ते नियम वाचून समोर खेळायला बसत असे. उपप्रकाराच्या जनकाला रात्री सुचलेला खेळ सकाळी खेळून पाहता येऊ लागला, आणि कागदावर देखणा दिसणारा नियम प्रत्यक्षात कुठे फसतो हेही लगेच उमगू लागले.

तरीही यंत्राशी खेळणे आणि माणसाशी खेळणे यांत फरक राहतोच. 1992 च्या प्रारंभी इंटरनेटवर पहिला बुद्धिबळ सर्व्हर सुरू झाला. सर्व्हर म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या मध्ये बसून चाली पोहोचवणारा, घड्याळ सांभाळणारा आणि नियम मोडू न देणारा संगणक. तिथला पट सुरुवातीला केवळ अक्षरांनी रेखाटलेला असे. तीन वर्षांनी या सेवेचे शुल्क आकारणाऱ्या व्यावसायिक संस्थेत रूपांतर झाल्यावर तिच्याच काही खेळाडूंनी विनाशुल्क चालणारा दुसरा सर्व्हर उभा केला. या सर्व्हरांवर उपप्रकारांना जो बहर आला, तो मागील कित्येक शतकांत आला नव्हता. मोहरा मारला गेला की आजूबाजूच्या घरांतील मोहरेही उडवून देणारे ‘अणु-बुद्धिबळ’ 1995 मध्ये एका जर्मन सर्व्हरवर आकाराला आले. मारलेला मोहरा आपल्या रंगाचा करून पुन्हा पटावर उतरवण्याचा ‘क्रेझीहाऊस’ हा खेळ प्रत्यक्ष पटावर दोन रंगांच्या मोहऱ्यांमुळे गैरसोयीचा होतो, पडद्यावर मात्र सहज खेळला जातो. बॉबी फिशर यांनी 1996 मध्ये ब्वेनोस आयरेस येथे जाहीर केलेला, पहिल्या ओळीची 960 प्रकारांनी मांडणी करणारा खेळही अशा सर्व्हरांवर रुजला, आणि 2019 मध्ये फिडे या जागतिक संघटनेच्या मान्यतेने त्याची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली.

स्वतंत्र निर्मात्यांचे व्हिडिओ गेम या पार्श्वभूमीवर आले. डेव्हिड सर्लिन यांचा ‘चेस 2’ हा खेळ 2014 मध्ये प्रथम ‘ऊया’ या छोट्या यंत्रासाठी निघाला, त्यात सहा निरनिराळ्या सैन्यांतून निवड करता येत होती. 2019 मध्ये त्या यंत्राची सेवा बंद झाली. 2020 च्या जुलैत आलेल्या ‘5डी चेस’मध्ये मोहरा भूतकाळातील पटावरही जाऊ शकतो आणि तसे केल्यास कालाची नवी शाखा फुटते. हा खेळ लाकडी पटावर मांडणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून त्याचे सर्व अस्तित्व संगणकातच आहे. अशा खेळांचे आयुष्य निर्मात्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर अवलंबून असते. ऑनलाइन सोय जोडताना दोन्ही खेळाडूंकडे नियमांची एकच आवृत्ती आहे याची खात्री करावी लागते, कारण एका नियमात किंचित फरक झाला तरी दोन पटांवर दोन वेगळे डाव दिसू लागतात. म्हणून साठवलेल्या प्रत्येक डावासोबत आवृत्तीचा क्रमांक नोंदवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून बिकट अडचण खेळाडूंच्या विरळपणाची असते. एका वेळी जगभरात मोजकेच लोक जागे आणि मोकळे असतील, तर तत्काळ जोडी जमवण्याची सोय रिकामीच राहते. अशा वेळी एका चालीला एक किंवा अनेक दिवस देणारा डाव अधिक उपयुक्त ठरतो, आणि तो खरे पाहता टपालाने खेळल्या जाणाऱ्या जुन्या डावाचाच वारस आहे. लंडन आणि एडिंबरा येथील मंडळांचा टपाली सामना 1824 पासून 1828 पर्यंत चालला होता.

अनुवादाचे काम वरवर पाहता सोपे वाटते. खेळातील प्रत्येक वाक्य कोडपासून वेगळे काढून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचे आणि त्या फाइलचे भाषांतर करायचे, ही रीत 1990 च्या दशकापासून रूढ आहे. मात्र वाक्यात मोहऱ्याच्या नावाची रिकामी जागा सोडून ती यंत्राने भरावी, अशी इंग्रजीतील सोय मराठीत चालत नाही, कारण घोडा ‘मारला’ जातो आणि प्यादे ‘मारले’ जाते. एक डाव आणि पाच डाव यांत शब्द बदलत नाही, पण एक चाल आणि पाच चाली यांत बदलतो. म्हणून प्रत्येक मोहऱ्यासाठी पूर्ण वाक्य वेगळे लिहू देणारी रचना निर्मात्याने आरंभीच केली पाहिजे. देवनागरीची तांत्रिक अडचण याहून मूलभूत होती. ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर टंकित होतो पण त्याच्या आधी दिसतो, आणि जोडाक्षरे व्यंजनांच्या संयोगातून घडतात. हे जुळवणारी व्यवस्था लहान निर्मात्यांच्या हाती असलेल्या साधनांत बराच काळ नव्हती. ‘गोडो’ या मुक्त साधनाच्या 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती अंगभूत आली. त्याआधीच्या अनेक खेळांत मराठीसाठी मोडकी अक्षरे किंवा इंग्रजी एवढेच पर्याय होते. ‘लिचेस’ या 2010 मध्ये सुरू झालेल्या मुक्त बुद्धिबळ सर्व्हरने वेगळा मार्ग पत्करला. त्याचे अनुवाद जगभरातील स्वयंसेवक करतात, आणि खेळणाऱ्यांनीच केलेले असल्यामुळे त्यांत पटावरची खरी बोली उतरते.

देशी बुद्धिबळाचे नियम आता अशा साधनांत बसवणे अवघड राहिलेले नाही. ‘फेअरी-स्टॉकफिश’सारखी मुक्त इंजिने नियमांची फाइल वाचून नवा उपप्रकार खेळतात. अवघड आहे ते गावोगावचे फरक अचूक टिपणे: राजाची घोडचाल मोहरा मारताना करता येते की नाही, प्याद्याला बढती मिळण्याआधी त्या घराचा मूळ मोहरा मारला गेलेला असावा लागतो की नाही, एकट्या राजाचा डाव कुठे बरोबरीत सुटतो आणि कुठे नाही. घरातील वा गावातील जुन्या खेळाडूंना हे नियम ठाऊक असतील, तर वाचकांनी ते त्यांच्या तोंडून ऐकून, गावाचे नाव आणि नियमातील फरक यांसह, मराठीत लिहून ठेवावेत.