गर्भाशयाच्या अस्तराची बाजू

भूम तालुक्यात, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात तर अधिकच, एक मत घट्ट रुजले आहे : दोन-तीन लेकरे झाली की गर्भपिशवीचे काम संपले, अंगावरून जास्त जात असेल, पोट दुखत असेल तर ती काढून मोकळे व्हावे. या मताला शास्त्राचा टेकूही दिला जातो. संप्रेरके बनतात ती बीजांडकोशात आणि पियूषिका ग्रंथीत, गर्भाशय नुसते त्यांचा हुकूम पाळते. तेव्हा बीजांडकोश राखले की झाले.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः बीजांडकोशातून येतात, हे खरेच. पण गर्भाशयाचे अस्तर स्वतः काहीच बनवत नाही, हे साफ चूक.

भूमचा खवा ज्या दुभत्या जनावरांच्या जिवावर होतो, त्यांच्या गोठ्यातच याचे उत्तर आहे. गाय-म्हैस माजावर येत नसली की पशुवैद्य तपासून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. हेच द्रव्य गाईच्या गर्भाशयाचे अस्तर बनवते. गर्भ राहिला नाही की ते बीजांडकोशावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे बनणारी ग्रंथी) जिरवते आणि पुढचा माज येतो. इथे हुकूम गर्भाशयाचा असतो आणि पाळतो बीजांडकोश. लिओ लोब यांनी १९२३ मध्ये गिनीपिगचे गर्भाशय काढले, तेव्हा पीतपिंड कितीतरी जास्त काळ टिकला होता.

बाईचा पीतपिंड गर्भाशयाच्या हुकमावर चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी तिचे अस्तरही संप्रेरके बनवतेच. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, गर्भ राहो न राहो, त्यातल्या पेशी रूप बदलतात आणि प्रोलॅक्टिन बनवू लागतात. पियूषिका दुधासाठी बनवते तेच हे. गरोदरपणी गर्भजलातले प्रोलॅक्टिन मुख्यतः अस्तराचे असते. पियूषिकेला आवरणारे ब्रोमोक्रिप्टीन दिले की आईच्या रक्तातले प्रोलॅक्टिन घसरते, गर्भजलातले घसरत नाही; याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? उंदरांत तर १९९२ मध्ये दिसून आले की अस्तरातला एलआयएफ हा एकच संदेशवाहक पदार्थ नसला, तर धडधाकट गर्भही रुजत नाही.

मूल नको असलेल्या बाईला याचे काय, असे कोणी विचारील. ज्या तक्रारींसाठी गर्भाशय काढतात, त्यांतल्या पुष्कळ या अस्तराच्या रसायनातूनच उपजतात. प्रोस्टाग्लँडिन वाढले की कळा येतात, रक्तही जास्त जाते. मेफेनॅमिक ॲसिडची साधी गोळी दोन्ही कमी करते. संप्रेरकाच्या गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधनेही आहेत. जिथे औषध चालते तिथे सुरी का?

नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पाळीमुळे खाडा झाला की पैसे कापले जातात, मुकादमाची उचल फिटायची असते, फडावर धड आडोसा नसतो, त्यात कॅन्सरची भीती घातली जाते. बीजांडकोश राखूनही पाळी जाण्याचे वय अलीकडे येण्याचा धोका असतो, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव यांत शस्त्रक्रिया करावीच लागते. बाकी वेळी, बायांनो, आधी औषधोपचार मागा आणि सही करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरला विचारा.