संकटसमयीचा मदतनिधी : पूर्वेतिहास आणि आपले कर्तव्य

ज्ञातिसंस्थेचे नित्याचे कार्य आपणां सर्वांस परिचित आहे. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या, परगावच्या मुलांसाठी वसतिगृह, वधूवर-सूचक मंडळ, वृद्ध व निराधार भगिनींस साहाय्य. या कामांसाठी आपण वर्गणी देतो आणि वार्षिक सभेत तिचा हिशेब ऐकतो. परंतु दुष्काळ, पूर वा भूकंप आला की सभेत एक प्रश्न हटकून निघतो. आपला निधी आपल्या बांधवांसाठीच आहे, की संकटात सापडलेल्या कोणाहीसाठी? हा प्रश्न नवा नाही. म्हणून त्याचे उत्तर मतांत न शोधता इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

1876 साली दख्खनेत पाऊस पडला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा व त्या काळचा कलादगी या जिल्ह्यांत पिके करपली. मद्रास, म्हैसूर व हैदराबाद मुलूखही त्याच वणव्यात सापडला. 1878 पर्यंत चाललेल्या या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली, असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी; परंतु 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी इतकी उतरली की, पुरुष मजुरास दिवसाकाठी एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढेच मिळावेत. हजारो मजुरांनी कामे सोडली. 1870 साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या धुरीणत्वाखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. निधी जमविणे जितके आवश्यक, तितकेच खरी स्थिती शोधून ती निर्भयपणे सांगणेही आवश्यक, हा पहिला धडा सभेने घालून दिला.

दुसरा धडा सत्यशोधक समाजाचा. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन झालेला हा समाज सर्व माणसे एका निर्मिकाची लेकरे, म्हणून परस्परांची भावंडे, असे मानणारा होता. या समाजाचे सभासद दुष्काळी गावांतून मदतीसाठी हिंडले. जुन्नर तालुक्यातील ओतूरहून सावित्रीबाई फुले यांनी 20 एप्रिल 1877 रोजी जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात त्या भागाची दैना आणि सत्यशोधकांची धडपड या दोहोंचे वर्णन आहे. आईबाप कामाच्या शोधात देशोधडीस लागले की मागे राहणाऱ्या लेकरांचे काय, हा त्या वेळचा सर्वांत कठीण प्रश्न होता. पुण्याजवळ धनकवडी येथे समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला तो अशा मुलांच्या पोटासाठी. 17 मे 1877 रोजी जोतीरावांनी त्याच्या साहाय्यार्थ आवाहनपत्रक काढले. निधी कशासाठी हवा, हे देणाऱ्यास डोळ्यांसमोर दिसत होते : उपाशी मूल, आणि त्याच्या पुढ्यातली भाकरी.

येथे कोणी विचारील की, जातिभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या समाजाचे उदाहरण ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी? शंका रास्त आहे. ती आम्ही टाळीत नाही. त्या समाजाची भूमिका आपल्या संस्थेच्या रचनेस अडचणीत टाकणारीच आहे. परंतु तो अडचणीचा आरसा अधूनमधून समोर धरणे आपल्याच हिताचे आहे. पुढे 1897 साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंस त्याच रोगाने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे देहावसान झाले. निधीत रुपया टाकणारा हात आणि रोग्यास उचलणारा हात यांत किती अंतर असते, हे या एका मृत्यूवरून कळते.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. 12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाण्याने वाडा पाहिला नाही, की वस्ती पाहिली नाही. अशा वेळी पहिल्या आठवड्यात धान्य, कपडे, भांडी यांचा ओघ लागतो. पुढे तो आटतो. गरज मात्र आटत नाही. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या कराव्या लागल्या. घोंगडी वाटणे दिवसाचे काम, घर पुन्हा उभे करणे वर्षांचे.

हीच गोष्ट 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने अधिक क्रूरपणे शिकविली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गावे निजली होती. जड दगडमातीची घरे कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने, म्हणजे एका समाजाच्या बंधुभावातून 1985 साली उभ्या राहिलेल्या संस्थेने, श्री. शांतिलाल मुथा यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. धान्याचे पोते दिले की दाता मोकळा होतो. मूल पत्करले की दाता बांधला जातो. त्याची इयत्ता, त्याचे आजारपण, रात्री दचकून उठणे, सारेच पत्करावे लागते. धनकवडीचा बालाश्रम आणि हे काम यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. परंतु प्रश्न तोच, आणि उत्तरही त्याच जातीचे.

‘आधी आपली माणसे’ असे म्हणणाऱ्या बांधवांस आम्ही कठोर मनाचे समजत नाही. त्यांच्या म्हणण्यात संस्थेच्या खऱ्या बळाची जाण आहे. कोणत्या घरी काय स्थिती आहे, कोण देऊ शकेल, कोणास मागताना संकोच होईल, हे ज्ञातिसंस्थेस जितके ठाऊक असते तितके परक्यास नसते. दोन दिवसांत घरटी वर्गणी जमविणे तिलाच साधते. परंतु हे बळ जमविण्याचे आहे, वाटण्याचे नव्हे. जमविताना ज्ञाती उपयोगी पडते. वाटताना तिचे नाव काढले की, उपाशी माणसाच्या तोंडचा घास आपण नात्याच्या तागडीत तोलू लागतो.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : संकटनिधीचे खाते संस्थेच्या इतर खात्यांपासून वेगळे असावे; तो कोठे व कशासाठी खर्च झाला, याचा हिशेब पुढील स्मरणिकेत पैपैसह छापावा; त्यातील काही भाग पहिल्या आठवड्यासाठी नव्हे, तर ओघ आटल्यानंतरच्या वर्षांसाठी राखावा; आणि मदतीच्या अर्जावर जातीचा रकाना नसावा. आपल्या मुलांस ही स्मरणिका वाचून दाखविताना हा शेवटचा मुद्दा सांगण्यास आपणांस लाज वाटू नये, अभिमान वाटावा, एवढीच आमची इच्छा आहे.